तारांकित प्रश्नांना तारे किती? संसदेच्या प्रश्नोत्तरांचा एका गिऱ्हाइकाने केलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, हा मिसळीचा रिव्ह्यू नाही. नाशिकमध्ये राहून मिसळ सोडून दुसऱ्या कशाचा रिव्ह्यू लिहिणं म्हणजे तसा गुन्हाच, पण गेला दीड महिना रात्री ओटा आवरला की मी मोबाईलवर जे उघडून बसते ते म्हणजे लोकसभा-राज्यसभेतली प्रश्नोत्तरं. खासदारांनी ग्राहक खात्याला विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांनी दिलेली उत्तरं, सगळं संसदेच्या साईटवर पीडीएफमध्ये पडलेलं असतं, फुकट, ना जाहिराती ना ओटीपी. आणि चालतं आपल्याच टॅक्सवर, मग गिऱ्हाईक आपणच ना. झाला एवढा हक्क रिव्ह्यू लिहायला.

हे वेड लागलं १४७ रुपयांवरून. मामेबहिणीच्या मुलीचं लग्न कोल्हापुरात, मी, सासूबाई आणि लेक अशी तीन तिकिटं एका अ‍ॅपवरून काढली (नाव घेत नाही, उगाच भांडण नको). शेवटच्या पानावर बारीक करड्या अक्षरात 'ट्रिप प्रोटेक्शन' माणशी ४९ रुपये, आणि टिक आधीच केलेली. मी घाईत पैसे भरून मोकळी. निघायच्या दिवशी दुपारी चारला मेसेज, बस रद्द. पैसे परत आले ते अ‍ॅपच्या कॉइन्समध्ये, नव्वद दिवसांत वापरा नाहीतर गेले. आम्ही लालपरीने गेलो, लग्न छान झालं, ते असो. परत आल्यावर १९१५ ला फोन केला, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, १७ भाषांत चालते, मराठीत बोलले, डॉकेट नंबर मिळाला आणि आठ दिवसांत कंपनीने तिकिटाचे पैसे बँकेत टाकले. पण ते १४७ नाहीत. ते म्हणे नॉन-रिफंडेबल. बस रद्द यांनीच करायची, प्रोटेक्शनही यांचंच, आणि पैसेही यांचेच!

भाचा इंजिनीअरिंगला आहे, तो म्हणाला, "मावशी, याला बास्केट स्नीकिंग म्हणतात, डार्क पॅटर्न आहे हा, म्हणजे गिऱ्हाइकाला गंडवायला अ‍ॅपची मांडणीच तशी केलेली." म्हणजे भाजीवाली कोथिंबिरीची काडी वर टाकते ना, तसंच, फक्त इथे कोथिंबीर आपण मागितलेली नसते आणि पैसे मात्र लावलेले असतात. मग याला कायद्यात काही आहे का हे शोधता शोधता मी लोकसभेच्या एका उत्तरावर जाऊन पडले आणि तिथून काही उठले नाही.

कळलं ते असं. ३० नोव्हेंबर २०२३ ला सरकारने डार्क पॅटर्नच्या मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात १३ प्रकार दिलेत, 'फक्त दोनच सीट शिल्लक' अशी खोटी घाई करणं, सबस्क्रिप्शन सुरू करायला एक बटण आणि बंद करायला भूलभुलय्या, शेवटच्या पानावर किंमत फुगवणं, आणि माझं ते बास्केट स्नीकिंगही. हे सगळं मी वकिलाला पैसे देऊन विचारलं असतं तर १४७ चे पंधराशे झाले असते. इथे एका पीडीएफमध्ये तारखेसकट मिळालं. त्यामुळे माहितीसाठी म्हणाल तर ही सेवा पैसा वसूल, मुळात पैसेच नाहीत म्हणा.

आता हे चालतं कसं ते थोडक्यात. लोकसभेत अकरा ते बारा प्रश्नोत्तराचा तास, राज्यसभेत २०१४ पासून तो बारा ते एक. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याच्या पुढे फुली-तारा असतो, त्याला मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं आणि खासदार त्यावर उपप्रश्न विचारू शकतो. अतारांकितला लेखी उत्तर, विषय संपला. लोकसभेत दिवसाला तारांकित २० आणि अतारांकित २३०, राज्यसभेत १५ आणि १६०. प्रश्न साधारण १५० शब्दांत बसवायचा, निदान १५ दिवस आधी द्यायचा, आणि कोणाचा वर लागेल ते सोडतीवर, म्हणजे म्हाडाच्या घरासारखंच. आणि वीस तारांकित छापले तरी तासाभरात सगळे काही होत नाहीत, चार-पाच झाले तरी खूप. २०१९ च्या नोव्हेंबरात एकदा लोकसभेत वीसच्या वीस प्रश्न झाले तर त्याची बातमी झाली, १९७२ नंतर पहिल्यांदा म्हणून! कल्पना करा, एखाद्या हॉटेलात मेनूकार्डवरचे सगळे पदार्थ मिळाले म्हणून पेपरात बातमी.

आता उत्तरांची क्वालिटी. इथे मला बरंच बोलायचंय.

प्रश्नाचा साचा ठरलेला. हिंदी प्रत उघडली की 'क्या उपभोक्ता मामले, खाद्य और सार्वजनिक वितरण मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि' अशी सुरुवात आणि मग (क), (ख), (ग), (घ), (ङ). प्रत्येक दुसऱ्या ओळीत 'तत्संबंधी ब्यौरा क्या है'. (इंग्रजी आणि हिंदी दोनच भाषांत मिळतं, मराठीत नाही. हिंदीच वाचा, इंग्रजीपेक्षा बरी पडते, फक्त 'प्रतितोष' वगैरे शब्दांना घाबरायचं नाही, ते आपलं तक्रार निवारणच.) खासदार बिचारा किंवा त्याचा पीए एकेक भाग नीट पायऱ्यांनी रचतो, (क) मध्ये सोपं, अमुक तक्रारी वाढल्यात का, (ख) मध्ये राज्यवार आकडे, (ग) मध्ये सरकारने काय केलं, आणि खरी मेख असते (घ) किंवा (ङ) मध्ये, की किती कंपन्यांना दंड झाला, किती वसूल झाला, आणि नसेल झाला तर का नाही.

आणि उत्तर कसं येतं? '(क) से (ङ)'. एकत्र! पाचही प्रश्नांची मोट बांधून एकच लांब उत्तर, सुरुवात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ पासून, मग केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २०२० मध्ये स्थापन झालं, मग हेल्पलाईन, मग 'जागो ग्राहक जागो', मग अमुक सूचना तमुक सूचना, आणि तुम्ही शेवटपर्यंत पोचता तेव्हा तुमच्या लक्षात येतं की त्या (घ) चं काय झालं ते कुठेच नाही. खोटं काही लिहिलेलं नसतं हं, एकही वाक्य खोटं नसतं. फक्त तुम्ही विचारलं होतं बटाटावड्याचं आणि तुम्हाला बटाट्याच्या लागवडीचा इतिहास वाढलाय. मी अकाउंट्समध्ये काम करते, ऑडिटरच्या शेऱ्यांना उत्तरं लिहायची वेळ आमच्यावर दरवर्षी येते, त्यामुळे ही युक्ती मला लांबूनच ओळखू येते. अडचणीचा मुद्दा आला की आम्हीही पॉईंट ३ ते ७ चं एकत्रित स्पष्टीकरण देतो. ही विद्या दिल्लीपर्यंत पोचलीय हे बघून बरं वाटलं की वाईट, ठरवता येईना.

माझी पद्धत आता अशी, की आधी प्रश्न वाचायचा, त्यातला सगळ्यात टोकदार भाग पेन्सिलने लिहून घ्यायचा, मगच उत्तर वाचायचं आणि त्या भागाचं काय झालं ते शोधायचं. मिळालं तर आनंद, नाही मिळालं तर तीच बातमी. आठवडाभर असं वाचलंत तर कुठल्या विषयावर खात्याची बाजू लंगडी आहे ते आपोआप दिसायला लागतं.

आमच्या विधिमंडळाची प्रश्नोत्तरंही वाचलीत कधी? ती भाषा मला जास्त आवडते, घरची आहे म्हणून असेल. 'हे खरे आहे काय', 'असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे', 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. आणि उत्तरात ते अजरामर 'हे अंशतः खरे आहे' आणि 'प्रश्न उद्भवत नाही'. आमच्याकडे सासरे रिटायर्ड मुख्याध्यापक, त्यांना मी हे वाचून दाखवते तर ते म्हणाले, "पेपरात पोरं असंच लिहायची, उत्तर येत नसलं की पान भरायचं." आता घरात कोणी विचारलं की भाजीत मीठ जास्त झालंय का, तर मी सांगते, हे अंशतः खरे आहे.

बरं, नुसती नावं ठेवत नाही. या सेवेतली खरी मलई आहे अ‍ॅनेक्शर, हिंदीत अनुबंध. उत्तराच्या शेवटी जी कोष्टकं जोडतात ती. कुठल्या राज्यात ग्राहक आयोगांत किती केसेस पडून, अध्यक्ष-सदस्यांच्या किती जागा रिकाम्या, हेल्पलाईनला कुठल्या धंद्याविरुद्ध जास्त तक्रारी, ते सगळं तिथे. मंत्री भाषण करतो, कोष्टक भाषण करत नाही. कायद्यात लिहिलंय की वस्तूची तपासणी लागत नसेल तर तक्रार तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, तपासणी लागली तर पाच. आणि त्या कायद्याच्या शेजारी रिकाम्या जागांचं कोष्टक ठेवून बघा. या रिकाम्या जागांवरून सुप्रीम कोर्टाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली होती, आणि नेमणुकांचे काही नियम तर आपल्याच नागपूर खंडपीठाने त्याच वर्षी रद्द केले होते, पुढे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम ठेवला आणि अनुभवाची अट दहा वर्षांवर आणली.

एक सावधगिरीची सूचना. शोधताना मंत्रालय 'कंझ्युमर अफेअर्स, फूड अँड पब्लिक डिस्ट्रिब्युशन' असं निवडायचं, आणि हे खातं एकत्र आहे, त्यामुळे मिक्सरची तक्रार शोधायला जाल तर गहू, तांदूळ, रेशनकार्ड, साखर आणि कांदा अंगावर येईल. कांदा! माझं माहेर लासलगावच्या बाजूला, त्यामुळे इथे मी दोन रात्री अडकले. म्हणजे बघा ना, ग्राहकाचं संरक्षण हा शब्द मला बसच्या तिकिटावरून किती गोड वाटत होता, आणि त्याच खात्याच्या यादीत तोच शब्द कांद्याला लागला की माझ्या भावाच्या पोटावर पाय येतो. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क, बफर स्टॉक म्हणजे सरकारी साठा ३ लाख टनांवरून ५ लाख टन, ८ डिसेंबरपासून निर्यातबंदीच, ती उठली ४ मे २०२४ ला, तेव्हाही शुल्क होतंच, ते पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. खरेदी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था करणार, शहरात स्वस्त विकणार. शहरातला खासदार विचारतो कांदा महाग का, आमच्याकडचा विचारतो कांदा मातीमोल का, आणि दोघांनाही उत्तर एकाच खात्याकडून, 'उपभोक्ता और किसान दोनों के हित' अशा सुरात. भाऊ म्हणाला, "ताई, तुझं १४७ चं संरक्षण कर तू, आमचं नको." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही, आणि सरकारलाही सुचलंय असं कोष्टकं बघून वाटत नाही.

जुनी प्रश्नोत्तरंही मिळतात, संसदेची डिजिटल लायब्ररी आहे, तिथे अगदी पहिल्या लोकसभेपासूनचं सापडतं. तिथे गेलात तर रविवार गेला समजा. १९५७ मध्ये एलआयसीने मुंध्रा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले, ते प्रकरण लोकसभेत प्रश्नातूनच वर आलं, फिरोझ गांधींनी लावून धरलं, छगला चौकशी आयोगाची सुनावणी मुंबईत झाली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. पॉलिसीधारक म्हणजे ग्राहकच की. आणि २००३ मध्ये कोल्ड्रिंकमध्ये कीटकनाशकं सापडल्याचं दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने जाहीर केल्यावर जी संयुक्त संसदीय समिती बसली तिचे अध्यक्ष होते शरद पवार. २००४ च्या फेब्रुवारीत समितीने अहवाल दिला, की पाण्यात-पेयात कीटकनाशकं आहेत हे खरंच. त्याच वर्षी सरकार बदललं, आणि पवारसाहेब झाले कृषी आणि ग्राहक खात्याचे मंत्री, म्हणजे काल समितीच्या खुर्चीत बसून विचारत होते आणि आता उत्तरं द्यायला हेच उभे. असं वाचताना मालिकेचा पुढचा भाग बघितल्यासारखं वाटतं. २०१९ ते २१ ची उत्तरं उघडलीत तर खाली 'श्री दानवे रावसाहेब दादाराव' दिसतील, आपले जालन्याचे, तेव्हा राज्यमंत्री होते. इतक्या कोरड्या कागदावर ओळखीचं नाव दिसलं की उगाच बरं वाटतं.

उत्तर अर्धवट असेल तर पुढे काय, असं कोणी विचारेल. 'माहिती गोळा केली जात आहे आणि सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' असं लिहिलं तर ते आश्वासन धरलं जातं आणि ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, त्यासाठी शासकीय आश्वासनांची वेगळी समिती आहे, १९५३ पासून. छान सोय आहे. पण हुशार अधिकारी आश्वासनाचे शब्दच वापरत नाही, 'ही निरंतर चालणारी प्रक्रिया आहे' असं लिहितो की काम झालं, निरंतर चालणाऱ्याला मुदत कसली.

तीन महिन्यांवरून आठवलं. जून २०२५ मध्ये त्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांत स्वतःच स्वतःचं ऑडिट करून डार्क पॅटर्न शोधा आणि काढा. नोव्हेंबरपर्यंत २६ कंपन्यांनी लिहून दिलं की आमच्याकडे नाहीत. सासऱ्यांना सांगितलं तर ते चष्मा काढून हसले, म्हणे पोरांना आपापले पेपर तपासायला दिले असते तर शाळेचा निकाल शंभर टक्के लागला असता. खरंखोटं करायला मी परवा पुन्हा बुकिंग करून बघितलं (पैसे भरले नाहीत, शेवटच्या पानापर्यंत गेले फक्त). टिक आता काढलेली आहे. पण 'नको' चं बटण करड्या रंगात आणि त्यावर लिहिलंय 'मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही' अशा अर्थाचं काहीतरी. हाही त्या तेरांमधलाच एक, लाज वाटायला लावून घ्यायला भाग पाडणं.

कोणी वापरावी ही सेवा? ग्राहक आयोगात जाणार असाल तर नक्की. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी शून्य आहे, वकील लागतोच असं नाही, आणि अर्जासोबत सरकारचंच लेखी उत्तर जोडता आलं तर समोरचा 'असा नियमच नाही' म्हणू शकत नाही. हॉटेलात सर्व्हिस चार्जवरून वाद घालणाऱ्यांनीही वाचावं, चार्ज सक्तीने लावू नका सांगणाऱ्या २०२२ च्या सूचना, त्यावर दिल्ली हायकोर्टाची स्थगिती, मग मार्च २०२५ चा त्या कायम ठेवणारा निकाल. आमच्या ऑफिसातल्या एकाने असा कागद दाखवून चार्ज काढायला लावला, बिल होतं सहाशेचं, कौतुक सांगतोय सहा महिने. कोणी वापरू नये? ज्यांना लगेच उत्तर हवंय त्यांनी. आणि ज्यांचं बीपी वाढतं त्यांनी.

सगळ्यात मोठी खोट म्हणजे यात गिऱ्हाइकाला स्वतः विचारता येत नाही. माहिती अधिकारात दहा रुपये भरले की तीस दिवसांत उत्तर मागता तरी येतं, इथे मध्ये खासदार लागतो. तारे द्यायचेच तर अ‍ॅनेक्शरला साडेचार, प्रश्नांना तीन, आणि त्या '(क) से (ङ)' ला एक, तोही तारीख नीट लिहितात म्हणून.

तरी मी प्रयत्न केला. आमच्या खासदारांच्या ऑफिसात फोन केला, तिथला मुलगा नीट बोलला, म्हणाला, "ताई, पाठवा लिहून, पण दीडशे शब्दांत बसवा." मी रात्री बसून (क) पासून (ङ) पर्यंत फक्कड प्रश्न रचला, प्रवासाच्या अ‍ॅपवर आपोआप लागणारा विमा, किती तक्रारी, किती दंड, सगळं. नवरा म्हणाला, "१४७ रुपयांसाठी १५० शब्द?" सासऱ्यांनी लाल पेन काढलं आणि वाचता वाचता एकेक भाग खोडत गेले, (क) गेला, (ख) गेला, (ग) गेला. मी म्हटलं, बाबा, अहो काय करताय. तर म्हणाले, पाच विचारलेस तर पाचांची मोट बांधतील, एकच ठेव. शेवटी उरलं ते एकच वाक्य, की गेल्या दोन वर्षांत बास्केट स्नीकिंगसाठी किती कंपन्यांकडून किती रुपये दंड प्रत्यक्ष वसूल झाला. अक्षरही नाही मागेपुढे, ना (क) ना (ख).

मी खूश झाले आणि सेंड केलं. बाबांनी पेनाला टोपण लावलं, म्हणाले, "आता म्हणतील प्रश्न उद्भवत नाही."